तांबड्याला हात लावायचा नाही: कोल्हापुरात वाईन प्यायला शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात 'वाईन शॉप'च्या पाट्या पावलोपावली दिसतात, वाईन मात्र शोधावी लागते. माझी पहिली खरेदी अजून आठवते. काउंटरच्या जाळीतून हात घालून मी म्हटलं, "एक वाईन द्या." आतल्या माणसानं वर न बघताच विचारलं, "क्वार्टर का हाफ?" म्हटलं, "तसली नाही हो, द्राक्षाची." तेव्हा कुठं त्यानं मान वर केली आणि मागच्या पोराला हाक मारली, "अरे ती वरच्या फळीवरची काढ रे, औषधवाली." पोरगा स्टुलावर चढला, फडक्यानं धूळ पुसली आणि जी बाटली खाली दिली ती गोडमिट्ट पोर्ट निघाली. घरी आईनं चमचाभर चाखून निकाल दिला, "द्राक्षासवच की हे!" तिचं काही चुकलं नव्हतं.

त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली. मी या विषयातला जाणकार वगैरे नाही, नोकरी वेगळीच आहे. महिन्याला दोन-तीन बाटल्या, चार दोस्त आणि घरातली माणसं, एवढाच माझा अभ्यास. पण कोल्हापूरच्या जेवणाबरोबर वाईन कशी प्यायची हे मला कुणी सांगितलं नाही. जे वाचलं त्यात सगळीकडं चीज आणि ऑलिव्ह. आपल्या ताटात चीज कुठलं? म्हणून पैसे घालवून आणि तोंड भाजून घेऊन जे उमगलं ते इथं सांगतो. त्यातलं सगळ्यात महागात पडलेलं शहाणपण मथळ्यातच दिलंय; तांबडा म्हणजे आपला तांबडा रस्सा. त्याचं कारण थाळीपाशी आल्यावर.

बाटली कुठून घ्यायची

पाटीला भुलून वाईन शॉपमध्ये जाण्याआधी जवळच्या बिअर शॉपीत डोकावा. बिअर शॉपीला बिअर आणि वाईनसारखं सौम्य मद्य विकायचा परवाना असतो आणि तिथला माल बहुतेक फ्रिजमध्ये असतो. वाईनला गारवा लागतो. वाईन शॉपमध्ये तीच बाटली ट्यूबलाइटखाली, पत्र्याच्या गरम भिंतीला पाठ टेकून सहा-सहा महिने उभी असते. एप्रिल-मेची झळ लागलेली वाईन आतून शिजते आणि चवीला मुरंब्यासारखी लागते. म्हणून बाटली हातात घेऊन बघायची. गळ्यापाशी चिकट ओघळ आहे का? बूच वर सरकलंय का? बाकीच्यांपेक्षा पातळी खाली आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी बाटली परत फळीवर.

लेबलावर साल असतं. ते बाटली भरल्याचं नसतं, द्राक्षं तोडल्याचं असतं. पांढरी आणि गुलाबी वाईन जितकी ताजी तितकी बरी. मागच्या वर्षीची मिळाली तर दोन वर्षांपूर्वीची घेऊ नका. लाल वाईन दोन-तीन वर्षांची चालते. 'वाईन जितकी जुनी तितकी चांगली' हे वाक्य फार थोड्या बाटल्यांना लागू पडतं, आणि हजाराच्या आतबाहेरच्या ज्या बाटल्या आपण घेणार त्यांना तर नाहीच. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हाही गैरसमज सोडून द्या. उलट नवख्याला तेच सोयीचं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळं पिणाऱ्याकडं परवाना असावा लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच किरकोळ पैशात मिळतो, वर्षाचा किंवा आजन्म काढला की कटकट संपते. वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला दुकानं बंद असतात, विसर्जनाच्या वेळी इथले वेगळे हुकूम निघतात, तेव्हा पाहुणे बोलावण्याआधी कॅलेंडर बघा. किराणा आणायला गेल्यावर वाईन दिसेल अशी आशा धरू नका. मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंत्रिमंडळानं जानेवारी २०२२ मध्ये मंजुरी दिली होती, पण गदारोळ झाला आणि ते तिथंच राहिलं. आणि गोव्याची बाटली? प्रत्येक कोल्हापूरकराचा एक मित्र असतो जो आंबोली नाहीतर फोंडा घाटातून 'सहज' दोन बाटल्या आणतो. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि नाक्यावर तपासणी होते. दोनशे रुपये वाचवायला गाडी उभी करून घ्यायची, असलं धाडस करण्याएवढी गोव्याची वाईन काही वेगळी नसते. तिथंही दुकानात नाशिकचीच बाटली असते.

पहिल्या तीन

फळीवर पंचवीस लेबलं दिसली की माणूस गोंधळतो आणि सगळ्यात महागातली किंवा सगळ्यात स्वस्तातली उचलतो. दोन्ही नको. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन बाटल्या घ्या: एक शेनिन ब्लाँ (पांढरी), एक रोझे (गुलाबी), एक शिराझ किंवा सांज्योव्हेजे (लाल). रोझे सोडली तर ही द्राक्षांची नावं आहेत, कंपन्यांची नव्हेत. उच्चाराची लाज बाळगू नका. आमच्या शॉपीवाल्याला मी 'शेनिन' म्हटलं की तो 'चेनिन' म्हणून दुरुस्त करतो, आणि आमचं दोघांचंही चाललंय.

मुळात वाईन होते कशी हे ऊसवाल्या जिल्ह्यात समजवायला सोपं आहे. ऊस तोडायला आलाय का हे बघायला शेतकरी रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यातली साखर, मोजतो. द्राक्षालाही तोच ब्रिक्स आणि तेच हातातलं यंत्र. वाईनची द्राक्षं साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात. यीस्ट ही साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं, म्हणून बाटलीवर १२ ते १४ टक्के दिसतात. सगळी साखर खाऊन झाली की वाईन कोरडी, म्हणजे ड्राय. थोडी शिल्लक ठेवली की गोडसर. पांढऱ्या वाईनला द्राक्ष आधी पिळून नुसता रस आंबवतात, लालला सालीसकट आंबवतात. काही तासच साल ठेवून काढली की रोझे. कडसर-तुरट सगळं सालीतून आणि बियांतून येतं. गुऱ्हाळावर काकवी कधी उतरवायची यात जसं गुळव्याचं कसब, तसं इथं कुठं थांबायचं यात.

आपल्याकडं मिळणारी बहुतेक वाईन नाशिकची. राजीव सामंतांनी १९९७ मध्ये तिथं वेली लावल्या, २००० मध्ये सुलाची वायनरी उघडली आणि तिथून नाशिकचं नाव झालं. त्यांची शेनिन ब्लाँ किंचित गोडसर आहे, म्हणून नवख्याला मी तीच सुचवतो. नाक मुरडणारे मुरडोत. पण आपल्याला त्याहून जवळची वाईन आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळची फ्रातेली. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन जोड्यांनी २००७ मध्ये हा उद्योग उभा केला. सांज्योव्हेजे हे मूळचं इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष आता माळशिरस तालुक्यात पिकतं, आणि आपल्या मटणाबरोबर त्याचं बरं जमतं. अधूनमधून उसाच्या मळीपासून काढलेल्या दारूला सोडून माळावरच्या द्राक्षाला पैसे द्यायला मला बरं वाटतं, हा माझा कल झाला. तुम्ही हवं ते घ्या.

गार करायची, आणि किती

लाल वाईन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी असं सगळीकडं छापलेलं असतं. ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशाची. आपल्या हॉलमध्ये मे महिन्यात पंखा लावून ३२ असतात. तेवढ्या कोमट लालचा घोट घेतला की नाकात नुसता स्पिरिटचा भपकारा. म्हणून लालसुद्धा पिण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची. पांढरी आणि रोझे दोन-तीन तास. घरचा फ्रिज चार-पाच अंशाला असतो, ती पांढरीला जरा जास्तच थंडी. बाहेर काढून दहा मिनिटं थांबलात की वास मोकळा होतो.

पाहुणे दारात आणि बाटली गरम? पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. बाटली गळ्यापर्यंत बुडवून ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्यानंच गारवा काचेला सगळीकडून लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याचा उद्योग मी एकदा केलाय, तोही फसफसणाऱ्या वाईनचा. मटारच्या पिशव्यांतून काचा वेचायला अख्खी सकाळ गेली आणि पुढं महिनाभर घरात त्या बाटलीचं नाव काढायची सोय नव्हती.

वाईनमध्ये बर्फ टाकावा का? जाणकार हो म्हणणार नाहीत. मी मे महिन्यात रोझेत दोन खडे टाकतो.

बूच असलेली बाटली घेतलीत तर बूचकाढणं आधी घ्या, सव्वाशे-दीडशे रुपयांचं पुरतं. स्क्रू आणि पक्कड वापरून बूच काढता येतं, पण मग वाईन चहाच्या गाळणीतून गाळावी लागते, आणि चहाची गाळणी कितीही धुतली तरी चहाचीच राहते.

जिभेवर काय शोधायचं

ग्लास जरा मोठा, तोंडाशी निमुळता. दांडीचा असलाच पाहिजे असं नाही. स्टीलचा पेला नको, वास कळत नाही. एक तृतीयांशच भरा. काठोकाठ भरून द्यायची आपली पाहुणचाराची सवय इथं आड येते, कारण ग्लास फिरवायला जागा लागते. फिरवा, नाक आत घाला, मग घोट. घोट लगेच गिळायचा नाही, दोन सेकंद तोंडात खेळवायचा.

आता जे जाणवतं त्याला शब्द काय द्यायचे? पुस्तकातले शब्द म्हणजे गूजबेरी, ब्लॅककरंट. आपण ती फळं बघितलेली नाहीत. आमच्या मंडळींनी हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निकालात काढला. शेनिनचा ग्लास नाकाशी नेऊन शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पेरू! पिकून मऊ झालेला, फ्रिजमध्ये ठेवला की सगळ्या दुधाला वास लागतो तो." इतकं अचूक वर्णन मी नंतर कुठं वाचलेलं नाही. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनला ढोबळी मिरची कापल्याचा वास येतो, आणि तो भास नसतो. दोन्हीत एकाच जातीची द्रव्यं असतात. शिराझमध्ये मिरी सापडते, तेही खरंच: रोटंडोन नावाचं एक द्रव्य काळ्या मिऱ्यातही असतं आणि शिराझच्या सालीतही. लाल वाईनसाठी आपल्याकडं जांभूळ, करवंद, कोकम, आमसूल, वाळलेलं अंजीर असा मोठा साठा आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर पानाच्या द्रोणात करवंदं विकायला बसलेल्या बायका दिसतात ना, त्यातलं एक अर्धं कच्चं करवंद खाऊन बघा. जीभ आवळते, गालाची आतली बाजू कोरडी पडते. वाईनमधलं टॅनिन म्हणजे तेच. मराठीत त्याला 'तुरट' हा नेमका शब्द आहे. जास्त उकळलेला चहा, सुपारीचं खांड, जांभळाची साल, सगळ्यांत तो असतो. मग वाईनपुरतं इंग्रजीकडं कशाला जायचं?

नवख्याची हमखास होणारी गल्लत म्हणजे फळाचा वास आणि गोडवा यांत. पेरूचा वास आला म्हणून वाईन गोड नसते. चिमटीत नाक धरून घोट घ्या: वास जाईल, आणि जिभेला जे कळेल तेवढंच खरं गोड, आंबट, तुरट. हा खेळ पोरांना सरबत देऊनही करता येतो.

आणि थुंकायची लाज नको, स्टीलची वाटी जवळ ठेवा. चार बाटल्या एका बैठकीत चाखायच्या तर ती लागतेच. ७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे चौघांत एक बाटली हे जेवणाबरोबर पुरेसं प्रमाण आहे. आमच्याकडं 'एवढ्यानं काय होतंय?' असं विचारणारा एक असतोच. त्याला सांगा, होण्यासाठी प्यायची असेल तर जाळीतून क्वार्टर मिळते.

थाळी

आता मुख्य गोष्ट. कोल्हापुरी मटण थाळीत सगळं एकदम येतं: तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, कांदा-लिंबू, मागून भात. वाईन हातात असताना या ताटाला क्रम लावावा लागतो, नाहीतर सगळं फुकट.

सुरुवात अळणीनं. मटण शिजवलेलं ते हळद-आलं-लसणाचं पाणी, वर मिठाची कणी. घरी करणार असाल तर तिखट पडायच्या आधी दोन वाट्या बाजूला काढून ठेवा. गार शेनिनचा घोट आणि मग गरम अळणीचा घोट घेऊन बघा. पहिल्या खेपेला मला वाटलं होतं हे जमणार नाही, आणि त्या दिवशी पोरांच्या वाटणीचं अळणी मी संपवलं.

मग पांढरा रस्सा. यात तिखट असतं, पण ते मिरपुडीचं आणि हिरव्या मिरचीचं, सौम्य. खरा जीव नारळाच्या दुधात आणि काजू-खसखस-तिळाच्या वाटणात. त्याचा दाट स्निग्धपणा जिभेवर बसतो आणि शेनिनचा आंबटपणा तो पुसून काढतो, लिंबू पिळल्यासारखा. प्रत्येक घोटाला रस्सा पुन्हा पहिल्यासारखा लागतो. वरची पायरी हवी असेल तर व्हिओन्ये हे द्राक्ष शोधा. वासाला जर्दाळूसारखं, अंगानं जाड. मला विचाराल तर पांढरा रस्सा आणि पांढरी वाईन ही जोडी कोल्हापूरनं अजून जगाला सांगितलेली नाही, एवढंच तिचं दुर्दैव.

सुक्याबरोबर लाल. सुकं मटण कोरडं परतलेलं, तेलात खरपूस झालेलं खोबरं, लवंग-मिरी. चरबी आणि मीठ तुरटपणाला मऊ करतात. शिराझची मिरी मसाल्यातल्या मिरीला भेटते. खिम्याचे गोळे असतील तर सांज्योव्हेजे. सुकं करताना चटणी नेहमीपेक्षा निम्मी घाला. चटणी म्हणजे आमच्याकडं कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात डंकावर वर्षाची कुटून आणतात तो. निम्म्या चटणीनं मटणाचा अपमान होत नाही, माझ्या सासूबाई काहीही म्हणोत.

आणि तांबडा? तांबड्याला वाईननं हात लावायचा नाही.

हे मी पहिल्या वर्षी शिकलो. झोकात लाल आणि लाल अशी जोडी जमवली, कॅबर्ने सोव्हिन्यों आणि तांबडा रस्सा, वर तवंग बोटभर. दुसऱ्या घोटाला कान गरम झाले, तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी, आणि चौथ्या वेळी मी बाराशे रुपयांची वाईन बाजूला सारून मठ्ठा मागितला. कारण साधं आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या टोकांना उष्णता कळते त्यांनाच जाऊन चिकटतं. अल्कोहोल त्याच टोकांना आणखी हळवं करतं. म्हणजे वाईन आग विझवत नाही, फुंकर घालते. त्यात तुरटपणाची भर पडली की कडू. दोघांचंही नुकसान: वाईनची चव मरते आणि तांबडा आहे त्याहून अडाणी लागतो. तांबडा तसा नसतो. त्याच्या तिखटाच्या मागं भाजलेल्या खोबऱ्याची गोडी आणि मटणाचा अर्क असतो, तो मोकळ्या जिभेनं घ्यावा.

म्हणून आमच्या घरात एक नियम झालाय: भात आला की ग्लास खाली. तांबडा शेवटी, भातावर ओतून, पाण्याच्या तांब्यासोबत. ज्याला राहवतच नाही त्यानं गोडसर रोझे घ्यावी, बर्फासारखी गार, ११-१२ टक्क्यांच्या वर नको. ती निदान भांडत नाही.

शाकाहारी घरात अख्खा मसूर सांज्योव्हेजेबरोबर उत्तम जातो, भरलं वांगं रोझेबरोबर. भडंग मात्र कुणीच विसरू नका. लसूण आणि कढीपत्त्याचा खमंग भडंग आणि फसफसणारी ब्रूट, म्हणजे कोरडी, वाईन, कुरकुरीला कुरकुर. मिसळीचं विचारू नका. ती सकाळची, आणि सकाळी वाईन पिणारा माणूस हा लेख वाचायच्या पलीकडं गेलेला असतो.

हॉटेलात

तांबडा-पांढरा कुठला खरा यावरून कोल्हापुरात भांडण मिटणार नाही. पद्मा म्हणणारे आहेत, ओपल म्हणणारे, परख, देहाती, आणि 'आमच्या गल्लीतल्या खानावळीसारखा कुठंच नाही' म्हणणारे सगळ्यात जास्त. गल्लीतल्या खानावळीत वाईन मिळत नाही आणि बाहेरून नेऊन प्यायची तर मुळीच नाही. विनापरवाना जागेत पिणं हा गुन्हा आहे. शीतपेयाच्या बाटलीत भरून नेणाऱ्यांनी त्या बिचाऱ्या मालकाचा विचार करावा. त्यापेक्षा घरून डबा न्या, दोन्ही रस्से आणि सुकं पार्सल आणा आणि वाईन घरात उघडा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. श्रावणात बेत आखू नका, निम्मी मंडळी येणार नाहीत.

बाहेरच बसायचं असेल तर परमिट रूम असलेलं, फॅमिलीला वेगळी जागा असलेलं हॉटेल बघा. मेनूत वाईन 'बाय द ग्लास' दिसली की पहिला प्रश्न: "बाटली कधी फोडली?" शहरातल्या एका चांगल्या हॉटेलात मला आलेल्या ग्लासाला सरळ सरळ व्हिनेगरचा वास होता. वेटरला म्हटलं, "दादा, ही उतरलीय." तो आत्मविश्वासानं म्हणाला, "साहेब, वाईन जुनी तेवढी चांगली." वाद न घालता मी मालकांना बोलावून ग्लास नुसता हुंगायला दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि नवीन बाटली फोडली. तात्पर्य वेटरवर रागावायचं नाही. त्याच्याकडं आठवड्यात दोन माणसं वाईन मागतात, त्याला कोण शिकवणार? दोघंच असाल तर ३७५ मिलीची छोटी बाटली आहे का विचारा, ती तुमच्यासमोर उघडली जाते. बाटली टेबलावर बंद यावी, लेबल आणि साल बघावं, मग उघडू द्यावी. चाखायला ओतलेला घोट वाईन आवडली का हे सांगायला नसतो, खराब नाही ना हे बघायला असतो. लाल कोमट आली तर बर्फाची बादली मागा. लोक बघतात, बघू देत.

तिखट कमी सांगताना नेमकं सांगा. आमच्याकडं "मिडियम" म्हणजे पुण्याचं डोळ्यांत पाणी. "पाहुणे बाहेरचे आहेत" एवढं म्हटलं की भटारखान्यापर्यंत निरोप बरोबर पोचतो.

गाडीचं आधी ठरवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्यातली मर्यादा आहे, आणि दोन ग्लासांनंतर तिचा हिशेब मनातल्या मनात करणारा माणूस विश्वासाचा नसतो. रिक्षा करा.

उरलेली वाईन झाकण लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा. दोन-तीन दिवस ठीक राहते. नंतर ती सुक्या मटणाला मुरवताना अर्धी वाटी घाला.

अकलूजची वाट

एवढं जमलं की एकदा द्राक्ष बघून या. सांगलीकडं पलूसला सरकारनं २००१ च्या धोरणानंतर वाईन पार्क काढला, पण फिरायला जायचं तर अकलूज. कोल्हापूरहून चार-पाच तास. वायनरीत आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ, तेव्हाच जा. आपल्याकडं वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलची खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, पीक मात्र एकदाच. युरोपात उन्हाळाभर पिकून शरदात तोडतात, आपण हिवाळ्यात पिकवतो.

मी माझ्या मेहुण्याला घेऊन गेलो होतो. तो तासगावचा, तीन एकर सोनाका द्राक्ष, बाकीचं बेदाण्याला. शिराझचा घड हातात घेऊन त्यानं उलटा-पालटा केला. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत दोन-दोन बिया. एक तोंडात टाकला, बी थुंकली आणि म्हणाला, "भावजी, एवढंसंच? हे तर आमच्याकडं बेदाण्यालाबी कुणी घ्यायचं नाही." माळ्यानं त्याला समजावलं की मणी लहान म्हणूनच साल जास्त आणि साल जास्त म्हणूनच वाईन दाट. त्याला पटलं नाही. चाखायला दिलेले चारही ग्लास मात्र त्यानं नीट हुंगून, वेळ घेऊन प्यायले आणि तिसऱ्याला "करवंद" म्हणाला.

परत येताना गाडी मी चालवत होतो, कारण मी थुंकत होतो. बाटल्या डिकीत ठेवू नका, फेब्रुवारीतही दुपारी तिथं भट्टी होते. आमच्या दोन बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून कोल्हापूरपर्यंत त्याच्या मांडीवर होत्या, आणि म्हसवडच्या पुढं एका स्पीडब्रेकरला गाडी आदळली तेव्हा त्यानं आधी बाटल्या सांभाळल्या, मग कपाळ.